उष्मांकांची रोजकीर्द

पहाटे साडेपाचचा सुमार असावा, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट नुकते कुठे दुकानाच्या पायरीशी उतरलेले असावेत, वर्तमानपत्रे टाकणारी मुले चौकातल्या दिव्याखाली पुरवण्या घालीत बसलेली असावीत, आणि अशा त्या शांत समयी पुण्याच्या कोणत्याही पेठेत, अथवा पेठेतून उठून कोथरुडास वसाहत करून राहिलेल्या कोणत्याही गृहरचना संस्थेच्या दाराशी आपण सहज उभे राहावे. म्हणजे एक लोखंडी फाटक अतिशय हळुवारपणे, परंतु तो हळुवारपणा चारही मजल्यांवर ऐकू जाईल अशा बेताने, उघडले जाते आणि सायकलीसह एक मूर्ती बाहेर पडते. मस्तकी अर्ध्या कलिंगडाच्या आकाराचे शिरस्त्राण, पुढे डोळे दिपवणारा पांढरा आणि मागे सारखा डोळे मिचकावणारा तांबडा दिवा, हातांत बोटे उघडी ठेवणारे हातमोजे, आणि अंगात असा एक पोपटी घट्ट पोशाख की, ज्याने देहाचे एकही गुपित, विशेषतः पोटाचे, पोटात ठेवू नये. ओळखीची माणसे या मूर्तीस नमस्कार करतात, अनोळखी कुत्री तिच्यावर भुंकतात, आणि ओळखीची कुत्री तर त्याहून अधिक भुंकतात. कारण दिवसभर लेंगा-सदऱ्यात पाहिलेला आणि संध्याकाळी न चुकता बिस्किटे घालणारा हा सद्गृहस्थ पहाटे असा का होतो, याचा उलगडा त्यांना अद्याप झालेला नाही.

तो उलगडा निदान मनुष्यांना तरी व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

या मूर्तीस सोयीसाठी आपण अण्णा म्हणू. कोठे तिला नाना म्हणतात, कोठे भाऊसाहेब, कोठे नुसतेच काका. परंतु नाव काहीही असले तरी जातीची लक्षणे ठरलेली आहेत. वय साठीच्या पलीकडे, निवृत्तिवेतन नियमित, दोन अपत्यांपैकी एक समुद्रापलीकडे, रक्तातील साखर सीमेवर, आणि मत प्रत्येक विषयावर. माझ्या शेजारचे अण्णा सरकारी कोषागारात ३६ वर्षे होते. कारकून म्हणून लागले, लेखाधिकारी म्हणून उतरले, आणि या मधल्या काळात त्यांच्या हातून एका पैशाचीही तफावत झाली नाही, हे ते स्वतःच सांगतात. एकदा मार्चअखेरीस ४० पैशांचा मेळ बसेना, तेव्हा सगळे खाते रात्री अकरा वाजेपर्यंत बसवून ठेवले, हे त्यांच्या हाताखालचे लोक अजून सांगतात. पहिली हकीकत सांगताना अण्णांचा ऊर भरून येतो, दुसरी सांगताना त्या लोकांचा.

या ३६ वर्षांत अण्णा रोज सायकलीने कचेरीत जात, ही गोष्ट मात्र अण्णा कधी सांगत नाहीत, कारण ती सांगण्याजोगी आहे असे त्यांना कधी वाटलेच नाही. त्या काळच्या पुण्यात सायकलीवर बसणे हा पराक्रम नव्हता. या शहराला सायकलींचे शहर म्हणत. सकाळी साडेदहाला लकडी पुलावरून घंट्यांचा जो ओघ वाहत असे, त्याच्यापुढे खालची मुठा उन्हाळ्यात ओशाळी होऊन जाई. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, डबलसीट दिसल्यास चौकातला शिपाई हात आडवा करी, आणि ज्याची स्वतःची सायकल नसे तो तासाच्या भाड्याने घेऊन नळीखालून पाय घालून ती शिकत असे. अण्णांची सायकल काळी, उंच, वजनाने दणकट, चेनकव्हर असलेली होती. तिच्या दांडीवर बसून त्यांचा मुलगा बालवाडीत गेला, तिच्या कॅरिअरवरून दळण गिरणीत गेले, रॉकेलचे डबे आले, गणपती आला आणि गेला, आणि लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात खुद्द वहिनी शिपायाची नजर चुकवून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत त्याच कॅरिअरवर बसून गेल्या. त्या काळचे अण्णांचे एक छायाचित्र त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्यात ते पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेले जादा भोक वापरून विजार सावरीत उभे आहेत. त्या वेळी त्यांना कोणी 'आपण व्यायाम काय करता?' असे विचारले असते, तर 'छे हो, वेळ कुठे आहे!' असेच उत्तर मिळाले असते.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. मुलाने स्कूटर दिली. आणि काळ्या सायकलीस जिन्याखाली जागा देण्यात आली. पुढील चार वर्षांत पट्ट्याची भोके एकामागून एक उलट क्रमाने वापरात आली, ती संपल्यावर पट्टाच सेवानिवृत्त झाला, आणि अखेरीस एका डॉक्टरांनी कागदावर आकडे लिहून, त्याखाली रेघ ओढून सांगितले, ''अण्णा, थोडी सायकल चालवा आणि बेताने खा.'' सल्ला एका वाक्याचा होता. दुसऱ्या एखाद्याने तो ऐकला असता, घरी आला असता आणि जिन्याखालची सायकल झटकून बाहेर काढली असती. परंतु ३६ वर्षे कोषागारात काढलेल्या मनुष्यास कोणतेही कार्य मंजुरी, तरतूद आणि नोंदवही यांवाचून आरंभिता येत नाही. अण्णांनी प्रथम तरतूद केली.

नव्या सायकलीची किंमत मी येथे लिहीत नाही. वहिनींना सांगितलेला आकडा वेगळा होता आणि मला दोघांशीही संबंध ठेवावयाचे आहेत. एवढेच सांगतो की, त्या किमतीत पूर्वी जी जी वस्तू येत असे, त्यांपैकी एकही या सायकलीबरोबर आली नाही. तिला घोडा नव्हता, मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, चेनकव्हर नव्हते, दिवा नव्हता आणि घंटाही नव्हती. अण्णांनी मूळ पावती आणि प्रत्यक्ष माल यांची पडताळणी करीत हे सर्व एकेक विचारले, तेव्हा दुकानातला मुलगा करुणेने म्हणाला, ''काका, त्याने वजन वाढतं.'' हे वाक्य अण्णांच्या मनावर कायमचे कोरले गेले. ज्या वाहनाला वजनाची इतकी चीड आहे, त्याच्या सहवासात आपलेही उतरल्यावाचून राहणार नाही, असा त्यांनी अर्थ लावला. घोडा नसल्यामुळे ती सायकल कोठेही स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, आणि चोरीच्या भयाने खाली ठेवता येत नाही. म्हणून ती दुसऱ्या मजल्यावर दिवाणखान्यात, छायाचित्राखालच्या भिंतीस टेकून, पाहुण्याप्रमाणे राहते. तिला गिअर २१ आहेत. त्यांपैकी अण्णा एक वापरतात. उरलेले २० राखीव निधी म्हणून ठेवले आहेत.

तरतूद झाल्यावर पोशाख आला, पोशाखानंतर मनगटावर पावले आणि नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ आले, आणि या सर्वांमागून, कुळाचार पूर्ण व्हावा तसे, अण्णांना ज्ञान आले. सायकलस्वारास पाय हवेत हा एक गैरसमज आहे. त्याला प्रथम श्रोता हवा. लकडी पुलाच्या कठड्याशी सायकल टेकवून अण्णा बोलू लागले की, १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या स्टार्ली यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी करून साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली येथपासून आरंभ होतो. मग १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी धाव बसवली. हे डनलॉप पेशाने जनावरांचे डॉक्टर होते, हे सांगून अण्णा थोडे थांबतात आणि त्या एका वाक्यात आपल्या डॉक्टरांचा सूड उगवून घेतात. मग मुंबईच्या पारशी तरुणांची पाळी येते. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा जण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चात मुंबईस परत आले. हा इतिहास खरा आहे, स्फूर्तिदायकही आहे. आणि तो सांगून होईपर्यंत सव्वासात वाजतात, ऊन वर येते, रहदारी वाढते, आणि त्या तिघांच्या ४४,००० मैलांच्या पुण्याईवर अण्णा पुलावरूनच घरी परततात. मनगटावरचे घड्याळ मात्र या भाषणात झालेले हातवारेही पावलांतच मोजते.

आता नोंदवहीकडे वळू. कारण अण्णांचा खरा व्यायाम तेथे होतो.

लांब, लाल कापडी पाठीची, जाड पुठ्ठ्याची ती वही पाहून माझ्यासारख्या निवृत्त मास्तरालाही उगाच ताठ बसावेसे वाटते. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च. जमेकडे अन्न, खर्चाकडे सायकल. रोजची रोजकीर्द, तीवरून महिन्याची खतावणी, आणि वर्षअखेरीस ताळेबंद. शास्त्र अण्णांनी चोख आत्मसात केले आहे. एक ग्रॅम स्निग्धांश म्हणजे ९ उष्मांक, एक ग्रॅम पिष्ट अथवा प्रथिन म्हणजे ४; तासभर मध्यम वेगाने सायकल मारली की सुमारे ३०० उष्मांक खर्ची पडतात; आणि अंगावरील एक किलो चरबी उतरावयाची तर साधारण ७,७०० उष्मांकांची तूट साधावी लागते. स्वयंपाकघरात सोनाराच्या दुकानात शोभेल असा एक काटा आला. सकाळचे पोहे त्यावर तोलले जाऊ लागले. शेंगदाणे मोजून पडू लागले. पोळीवरचे तूप चमच्याच्या पाठीने लावावे असे परिपत्रक निघाले. वहिनींनी आठ दिवस हे पाहिले आणि नवव्या दिवशी त्या काट्यावर हळदीची पुडी ठेवीत त्या शांतपणे म्हणाल्या, ''अहो, मापून घालायचं ते बैलाला. माणसाला वाढायचं असतं.'' परिपत्रक मागे घेण्यात आले नाही. फक्त त्याची अंमलबजावणी स्थगित झाली.

परंतु वहीतील मौज आकड्यांत नाही, आकडे कोठे धरावयाचे नाहीत याविषयीच्या नियमांत आहे. ज्या अण्णांनी आयुष्यभर इतरांच्या प्रवासभत्त्यांतून रिक्षाचे पैसे कापले, त्या अण्णांनी स्वतःच्या जेवणासाठी जी कलमे घातली, ती पाहून कोणत्याही इनामदाराने त्यांना आपला दिवाण नेमले असते. कलम पहिले: प्रसादाची नोंद होत नाही. सत्यनारायणाचा शिरा हा देवस्थान इनामासारखा आहे, आणि इनामावर सारा आकारता येत नाही, मग तो शिरा दोनदा का घेतलेला असेना. कलम दुसरे: आग्रहाने वाढलेले अन्न खाणाराच्या खाती धरू नये, ती एक प्रकारची सक्तीची वसुली असून तिची जबाबदारी यजमानावर आहे. कलम तिसरे: उभ्याने खाल्लेल्या जिन्नसास मुक्काम नसतो, आणि ज्याला मुक्काम नाही त्याची कुळवार नोंद करणार कशी? या कलमाखाली डबा उघडता उघडता तोंडात गेलेला चिवडा आणि बाजूच्या मिठाईच्या दुकानात 'बघू कशी आहे' म्हणून चाखलेली बाकरवडी येते. कलम चौथे: नातवाच्या ताटात उरलेले श्रीखंड ही बेवारस मालमत्ता समजून ती सरकारजमा करावी. आणि कलम पाचवे, जे सर्वांत सूक्ष्म आहे: उपवासाच्या दिवशी जमेची बाजू कोरी सोडावी, कारण उपवास म्हणजे न खाणे, आणि न खाल्लेल्या गोष्टीची नोंद करणे हा खोटा दस्तऐवज होय. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याचे शिकरण, एवढा सगळा ऐवज या कोऱ्या पानावरून दर पंधरवड्यास निर्धोकपणे पार होतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. तिला लेखासंहितेचा आधार अण्णांनी दिला.

खर्चाच्या बाजूस मात्र उदारपणाचा कळस आहे. समोरचा वारा लागला की दीडपट. तांबड्या दिव्यापाशी एक पाय टेकून उभे राहावे लागले तर तो 'स्थिर ताण'. आणि चढावर खाली उतरून सायकल हातात धरून चालले तर सायकलीचेही आणि चालण्याचेही, असे दोन्ही भत्ते. दुसऱ्या मजल्यावर सायकल खांद्यावर घेऊन चढण्यास 'गिर्यारोहण' असे स्वतंत्र शीर्ष उघडलेले आहे.

खरे गिर्यारोहण वर्षातून एकदा, पावसाळा सरता सरता होते. अण्णांच्या जातीचे नऊ-दहा पोपटी, नारिंगी आणि एक जांभळे गृहस्थ पहाटे सिंहगड रस्त्यास लागतात. सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून अधिक उंच आहे, आणि पायथ्यापासूनचा वळणावळणांचा घाटरस्ता तरण्या पोरांनाही शेवटच्या वळणांत देवाचे नाव घ्यावयास लावतो. परंतु तत्पूर्वी वाटेत खडकवासल्याचे धरण लागते. १९६१ च्या १२ जुलैस पानशेत फुटले, ते पाणी खडकवासल्याचे धरण फोडून पुण्यात शिरले, ही आठवण काढल्यावाचून त्या काठावरून पुढे जाणे कोणाही खऱ्या पुणेकराला शक्य नाही. आठवण निघाली की बसावे लागते. बसले की समोर निखाऱ्यांवर फुटणारी मक्याची कणसे दिसतात. आणि कणसांच्या शेजारी कढईत कांदाभजी तरंगत असतात. ती उभ्यानेच खाल्ली जातात, म्हणजे कलम तिसऱ्यात बसतात. मी एक वर्ष स्कूटरवरून या मोहिमेच्या मागे गेलो होतो. दहांपैकी तिघे गडावर पोचले. त्यांत अण्णा होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो, आणि शेवटच्या टप्प्यात त्यांनी माझ्या स्कूटरला 'नैतिक पाठिंब्यासाठी' एका हाताने धरले होते, हेही तितक्याच प्रामाणिकपणे. वर पिठले, भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत आणि मातीच्या मडक्यातले दही झाले. दुसरी भाकरी वाढणाऱ्या मावशींनी आग्रहाने घातली, ती कलम दुसऱ्यात गेली. आणि त्या रात्रीच्या रोजकीर्दीत १,१०० उष्मांकांची निव्वळ तूट दाखवण्यात आली.

अशी तीन वर्षे लोटली, आणि तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्च रोजी अण्णांनी मला वही तपासावयास बोलावले. आपल्या दप्तरास तपासनीस नाही, ही खंत त्यांच्या मनास बरेच दिवस डाचत होती. मी मराठीचा मास्तर. परंतु बेरीज मलाही येते. दररोज सरासरी २५० उष्मांकांची तूट, तीन वर्षांचे दिवस १,०९५, एकूण तूट २,७३,७५०, भागिले ७,७००. उत्तर साडेपस्तीस किलो आले. आरंभी अण्णांचे वजन ८१ किलो होते. म्हणजे वहीबरहुकूम माझ्यासमोर साडेपंचेचाळीस किलोंचा एक कृश तपस्वी बसलेला असावयास हवा होता, आणि हाच वेग राहता तर आणखी चार वर्षांनी अण्णा हिशेबातून समूळ निघून गेले असते. मी त्यांना वजनाच्या काट्यावर उभे केले. काटा ८२ वर थांबला.

खोलीत शांतता पसरली. ४० पैशांसाठी अख्खे खाते रात्री अकरापर्यंत बसवणाऱ्या मनुष्याच्या दप्तरात साडेछत्तीस किलोंची अफरातफर उघडकीस आली होती. अण्णांनी चष्मा पुसला, बेरीज पुन्हा केली, भागाकार उलटा करून पाहिला, काट्याखाली कागदाची घडी सरकवून पाहिली. बेरीज बिनचूक होती, भागाकार बिनचूक होता, काटा बिनचूक होता. आणि गुन्ह्याचा मुद्देमाल स्वतः आरोपीच्या विजारीवरून डोकावत होता. ''मास्तर,'' ते अखेरीस खोल आवाजात म्हणाले, ''अन्नात भेसळ असणार.''

पुढे जे घडले त्यात कोणाचीही योजना नव्हती. एप्रिलच्या आरंभी ती महामूल्य सायकल जिन्यावरून उतरवताना अण्णांच्या हातून निसटली आणि कठड्यास आपटली. मागच्या चाकाजवळ, साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा जो एक नाजूक सांगाडा असतो, तो वाकला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने तिच्याकडे, परस्त्रीकडे पाहू नये तसे, ओझरते पाहून हात जोडले. ''अण्णा, चाकाचा आउट काढून देतो, बेरिंगं बदलतो, म्हणाल ते करतो. पण याला माझा पंपसुद्धा बसत नाही हो.'' दुकानातल्या मुलाने सांगितले की, तो भाग बाहेरून येईल. बाहेरून म्हणजे कोठून, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मग स्कूटरनेही अंग टाकले. इकडे गिरणीचा पोऱ्या परीक्षा संपवून गावी गेला होता, आणि उन्हाळी वाळवणांचा हंगाम तोंडावर आल्याने वहिनींना गहू, ज्वारी, उडीद, तांदूळ असे रोज एक ना एक दळायला हवे होते. एका सकाळी जिन्याखालून खरखर आवाज आला, धुळीचा एक लोट उठला, आणि काळी सायकल, डोळे चोळीत, उजेडात आली.

दोन महिने मी अण्णांना त्या सायकलीवर पाहत होतो. अंगात लेंगा-सदरा, लेंग्याची उजवी तंगडी साखळीत अडकू नये म्हणून दुमडून वर खोचलेली, कॅरिअरवर दोरीने आवळलेला दळणाचा डबा, हँडलला दोन्ही बाजूंस मंडईच्या पिशव्या. सकाळी गिरणी, मग मंडई, दुपारी बँक, संध्याकाळी पापडखार आणावयास जुन्या पेठेत, आणि विसरलेला हिंग आणावयास पुन्हा तेथेच. कुत्री त्यांच्यावर भुंकत नव्हती. ती शेजारून शेपूट हलवीत धावत होती. भाषणे बंद होती, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. भूक अशी लागे की, जेवायच्या वेळेला जेवत आणि मधल्या वेळेला डबा उघडण्याचे भान राहत नसे. रात्री नऊला डोळे मिटत, त्यामुळे साडेनऊचा चिवडा आपोआपच बारगळला. मी एकदा गिरणीपाशी त्यांना हटकले. ''काय अण्णा, ही फेरी वहीत किती उष्मांकांची लिहिता?'' त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, जणू मी सरकारी टपालाचे तिकीट खासगी पत्राला लावावयास सांगत होतो. ''मास्तर, हे काम आहे. व्यायाम नव्हे. व्यायामाची सायकल दुरुस्तीला आहे.'' आणि खरोखरच, एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांच्या पानांवर त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द लिहून खाली सही केली होती: निरंक.

त्या क्षणी मला महर्षी कर्वे आठवले. हिंगण्याच्या माळावरून फर्ग्युसन कॉलेजात शिकवण्यासाठी ते ऊनपाऊस न म्हणता, चिखल तुडवीत पायी जात-येत. आणि १०४ वर्षांचे आयुष्य जगून १९६२ साली गेले. त्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनीही हे चालणे व्यायामाच्या सदरात न घालता मुलींच्या शिक्षणाच्या सदरात घातले असते. आपण पुणेकरांनी मधल्या काळात एवढेच केले की, पाय कामावरून काढून टाकले आणि त्यांना पुन्हा मानधनावर, पहाटेच्या एका तासापुरते, नेमले. मग ते तरी जीव तोडून काम का करतील?

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णा डॉक्टरांकडे गेले. वजन ७७ भरले. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, ''सायकलिंग मनावर घेतलेलं दिसतंय.'' अण्णा खूश झाले नाहीत. घरी येऊन त्यांनी वही उघडली, निरंक पाने पुन्हा पुन्हा पाहिली, आणि रात्री साडेदहाला माझे दार वाजवले. अफरातफर एक वेळ समजू शकते, ती मनुष्यस्वभावात आहे. परंतु एक पैही खर्ची न टाकता पाच किलोंचा भरणा झाला, तो कोणत्या शीर्षाखाली दाखवावा, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. मी काही बोललो नाही. ज्याने ३६ वर्षे वही खरी आणि माणूस खोटा या तत्त्वावर काढली, त्याला एका रात्रीत उलटे शिकवणे मास्तराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पावसाची पहिली सर पडून गेल्यानंतरच्या एका सकाळी फाटक उघडल्याचा आवाज आला. या वेळी त्यात हळुवारपणा नव्हता, घाई होती. मी गच्चीतून डोकावलो. नवी सायकल दुरुस्त होऊन आली होती. अण्णांच्या मस्तकी शिरस्त्राण होते, मनगटावर घड्याळ होते. पण सायकलीच्या मागे एक दणकट लोखंडी कॅरिअर बसले होते, चाकांवर काळी मडगार्डे आली होती, बाजूला घोडा होता, हँडलवर मोठ्या वाटीएवढी घंटा होती; आणि कॅरिअरवर, त्या २१ गिअरांच्या सुकुमार देहावर, सुतळीने आवळून दळणाचा डबा बांधलेला होता. दुकानातल्या त्या मुलाने हे पाहिले असते, तर भर रस्त्यात डोळे पुसले असते. ''काका, वजन वाढतं'' असे तो पुन्हा म्हणाला असता, आणि या वेळी ते खोटे ठरले असते.

वही अण्णांनी सोडलेली नाही. ती सुटणार नाही. मी परवा सहज चाळली. उष्मांकांचे सदर रिकामे आहे. वजनाच्या सदरात मात्र रोजची नोंद चोख आहे, तारीखवार, सहीनिशी: गहू १० किलो, ज्वारी ५ किलो, हरभरा डाळ २ किलो, आणि शेराच्या रकान्यात, गिरणीवाल्याकडून ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम कमी आल्याची तफावत, खुलासा मागवला आहे.